केर्नपॅपल टेकडीवर

आज स्कॉटलंडमधल्या बाथगेटजवळच्या केर्नपॅपल हिलला जाऊन आलो, उंची फक्त ३१२ मीटर पण वारा इतका की धड उभं राहवत नव्हतं. वर काँक्रीटचा घुमट आहे, त्यातून शिडीने खाली उतरलं की समोर चार हजार वर्षांपूर्वीची कबर, डोक्याशी माणसापेक्षा उंच दगड, आणि पुरताना सोबत मातीची भांडी ठेवलेली, म्हणजे कोणीतरी किती मायेने ठेवली असतील! त्याच्याही आधीपासून इथे अस्थी पुरायचे, मग २४ खड्ड्यांचं मोठं रिंगण, मग कबरी, त्यावर दगडांचा ढीग, पुढच्यांनी तो अजून वाढवला. पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगटनी १९४७-४८ ला हे सगळं खणून काढलं. मी खाली एकटाच होतो, दगडाला हात लावावासा वाटला, नाही लावला. बाहेर आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलावंसंच वाटेना.