सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी ९६ व्हीएचा ट्रान्सफॉर्मर: हिशेब, भरणी आणि पहिली चाचणी

या नोंदीतला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवरून २४ व्होल्ट देणारा आणि सेकंडरीतून, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या कॉइलमधून, ४ अँपियर पुरवणारा, म्हणजे ९६ व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपियर) आहे. तो टेबलावरच्या डीसी सप्लायसाठी हवा आहे. डीसी बाजूला मला साधारण २.५ अँपियर पुरेत, परंतु एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर फक्त लाटेच्या माथ्यावर प्रवाह ओढतो आणि त्यामुळे सेकंडरीतला आरएमएस प्रवाह (तार तापवण्याच्या दृष्टीने मोजलेला परिणामी प्रवाह) डीसीच्या दीडपटीहूनही अधिक होतो, म्हणून ४ अँपियर धरले. हा सप्लाय मे महिन्याच्या दुपारीही बंद पेटीत तासन्‌तास चालला पाहिजे, ही अट मी पहिल्या ओळीतच लिहून ठेवली होती. आकडेमोडीतील पुढचे बहुतेक निर्णय या अटीनेच ठरवले.

गाभ्याच्या, म्हणजे कॉइलच्या आतल्या लोखंडाच्या, छेदाचा पहिला अंदाज व्हीएच्या वर्गमुळावरून घेतात. ९६ चे वर्गमूळ ९.८ आणि त्याला १.१ ते १.२ ने गुणले की ११ ते १२ चौरस सेंटिमीटर येतात. मधली जीभ ३२ मिमी आणि खिडकी (तार मावण्याची पोकळी) १६ बाय ४८ मिमी असलेल्या, इंग्रजी E आणि I अक्षरांच्या आकाराच्या ई-आय पट्ट्या मी निवडल्या. ३८ मिमीची थप्पी धरल्यास छेद १२.१६ चौरस सेंटिमीटर होतो, आणि पट्ट्यांवरील इन्सुलेशनचा थर वजा केला की निव्वळ लोखंड ११.५५ उरते.

यापुढे सगळे काही एका समीकरणावर उभे आहे: व्होल्टेज म्हणजे ४.४४ गुणिले वारंवारिता, वेढे, छेद आणि चुंबकी घनता. ४.४४ हा आकडा २π ला २ च्या वर्गमुळाने भागून येतो, म्हणजेच तो साइन लाटेतूनच निघालेला आहे. या समीकरणात अँपियर कुठेही नाहीत, याकडे नवीन मंडळींनी अवश्य लक्ष द्यावे. भार वाढवला की गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, असे पुष्कळांना वाटते, पण तसे घडत नाही. सेकंडरीतून प्रवाह वाहू लागला की त्याचा चुंबकी परिणाम खोडून काढण्याइतका जादा प्रवाह प्रायमरी, म्हणजे पुरवठ्याला जोडलेली कॉइल, ओढून घेते, आणि गाभ्यातील चुंबकी प्रवाह जवळपास आहे तेवढाच राहतो, किंबहुना तारेतील व्होल्टेज-घसरणीमुळे किंचित कमीच होतो. गाभा संपृक्त होतो तो वाढलेल्या व्होल्टेजमुळे किंवा अपुऱ्या वेढ्यांमुळे. अतिभाराने तार तापते, तो वेगळा प्रश्न आहे.

म्हणून घनता ठरवताना मी २३० नव्हे, तर २५३ व्होल्ट, म्हणजे १० टक्के चढा पुरवठा, डोळ्यांसमोर ठेवला. २३० व्होल्टला १.१ टेस्ला (चुंबकी घनतेचे एकक) घेतले तर २५३ ला १.२१ टेस्ला होतात आणि साध्या सिलिकॉन स्टीललाही ते सहज झेपतात. याप्रमाणे दर व्होल्टला ३.५५ वेढे, प्रायमरीला ८१६ आणि घसरणीची भर धरून सेकंडरीला ९१ वेढे आले.

खरी अडचण खिडकीत आली. बॉबिनवर, म्हणजे तार गुंडाळायच्या साच्यावर, भरायला ४४ मिमी रुंदी मिळते. चौरस मिमीला २.५ अँपियर या दराने सेकंडरीसाठी १७ गेजची, १.४२ मिमी व्यासाची तार लागते, आणि एनॅमलसह तिचे एका थरात २९ वेढे बसतात. तीन थरांत ८७ वेढे झाले. उरलेल्या चार वेढ्यांसाठी चौथा थर चढवावा लागणार होता. २५ गेजच्या प्रायमरीचे अकरा थर आणि मधले कागद मिळून उंची साडेतेरा मिमीपर्यंत पोचत होती, जागा साडेचौदा मिमीची होती, आणि हाताने भरलेले कॉइल कोपऱ्यांमध्ये फुगतेच.

तेव्हा तार बारीक न करता मी थप्पी ४४ मिमी केली. निव्वळ छेद १३.३८ झाला, प्रायमरी ७०० वेढ्यांवर आली, सेकंडरी ७७ वर आली आणि तीन थरांत आरामात बसली. लोखंड सुमारे ३०० ग्रॅम वाढून दोन किलोच्या जवळ गेले. मोकळी झालेली जागा मी प्रायमरीची तार २४ गेजची करण्यात खर्च केली, त्यामुळे तिथली प्रवाहघनता चौरस मिमीला २ अँपियरच्याही खाली आली. यंत्रांचे रेटिंग सामान्यतः भोवतालचे तापमान ४० अंश धरून देतात. सोलापूरचा मे महिना ४० वर थांबत नाही, आणि तांब्याचा रोध २० अंशांपेक्षा १०० अंशांना सुमारे ३१ टक्के अधिक असतो, म्हणजे उष्णताच आणखी उष्णता निर्माण करते. तांब्यावरचा हा जादा खर्च मला पूर्णपणे योग्य वाटतो.

तार, लेदरॉइड (इन्सुलेशनचा जाड कागद) आणि तारेवर चढवायच्या स्लीव्ह यंत्रमागाच्या मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानातून आणले. प्रायमरीच्या प्रत्येक थरावर पातळ कागद, प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये लेदरॉइडसह अर्ध्या मिमीचे इन्सुलेशन, आणि थराची कड बॉबिनच्या भिंतीपाशी खाली घसरू नये म्हणून कागदाला दोन्ही बाजूंनी बारीक कातरे दिले. या कातऱ्यांचे महत्त्व फार आहे, कारण वरच्या थरातला एखादा वेढा खाली सरकला की शेकडो वेढ्यांचे अंतर असलेल्या तारा एकमेकींना टेकतात. पट्ट्या आलटून-पालटून घातल्या, म्हणजे सांध्यांची फट एका रेषेत येत नाही.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब ठेवून. बल्ब क्षणभर उजळला आणि विझला. नंतर थेट २३० व्होल्ट दिल्यावर सेकंडरीला भाराविना २५.३ व्होल्ट मिळाले आणि ६ ओहमच्या भारावर २४.१.

तापमान गाभ्याला हात लावून जोखण्यात अर्थ नाही, कारण सर्वांत उष्ण भाग आत असतो. प्रायमरीचा रोध खोली ३१ अंशांवर असताना ९.६ ओहम होता. पूर्ण भारावर रोध स्थिरावेपर्यंत चालवून, वीज तोडून लगेच मोजल्यावर तो ११.२ ओहम भरला. तांब्यासाठी रोधांचे गुणोत्तर हे तापमानात २३४.५ मिळवून येणाऱ्या संख्यांच्या गुणोत्तराइतके असते. त्यावरून कॉइलचे सरासरी तापमान ७५ अंश निघते. तोवर खोली ३८ वर गेली होती, म्हणजे वाढ ३७ अंशांची. मेमधले ४४, बंद पेटीचे १०, ही वाढ आणि सर्वांत उष्ण बिंदूसाठी आणखी १० मिळवले की १०१ होतात. वार्निश पाजलेला कागद ज्यात मोडतो त्या इन्सुलेशनच्या ए वर्गाची तापमान-मर्यादा १०५ आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत हीच चाचणी घेऊन मी थांबलो असतो, तर हा अवघा चार अंशांचा फरक ध्यानात आला नसता.

पेटीला वरून आणि खालून जाळी ठेवली तर ते १० अंश बरेच कमी व्हावेत, म्हणून पत्रा कापण्याआधी जाळीच्या जागा आखून घेतल्या आहेत. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या साधनावर) २५३ व्होल्ट देऊन भाराविना प्रवाह मोजणे बाकी आहे. तो २३० व्होल्टच्या प्रवाहाच्या दुपटीच्या आत राहिला तर वेढ्यांना हात लावणार नाही. तो आकडा आणि पेटीतले तापमान पुढच्या नोंदीत देईन.