बदलली का हो पोरगी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं विचारणारे तुम्ही पहिले नाही. गेल्या जुलैत थोरली पुण्याला शिकायला गेली, तेव्हापासून भाजीवाल्या मावशींपासून ते पतसंस्थेत माझ्या काउंटरवर पासबुक भरून घ्यायला येणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांचं एकच: "काय मग, पोरगी बदलली का न्हाई?" विचारण्यात थोडी काळजी असते, बाकी सगळी चव घेणं असतं. पहिले दोन महिने प्रश्न वेगळा होता. "इथं शिवाजी विद्यापीठ असताना पुण्याला कशाला?" त्याचं उत्तर सोपं होतं, तिला जायचं होतं. ह्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी आजवर "बघा की आता" म्हणून टोलवत आले. वर्ष होत आलंय, तर जरा बसून सांगते.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या कोल्हापुरात बायका-पोरीही बोलताना 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' म्हणतात. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते, आम्हाला त्यात काही वेगळं आहे हेच मुळी ठाऊक नसतं. माझ्या सासूबाईंचं माहेर निपाणीचं. त्या म्हणतात, कानडीत बाई असो का बाप्या, 'मी जातो'ला एकच शब्द. तुम्हा मराठी लोकांनाच कशाला दोन-दोन लागतात? आता इथं मी 'सांगते' असं लिहिलंय, कारण शाळेत बाईंनी वहीवर लाल शाईनं तसं गिरवून घेतलं. तोंडानं सांगायची वेळ आली तर मी 'सांगतो की' असंच म्हणणार.

तर थोरली गेली तेव्हा रोज रात्री फोन. मी विचारायचे, "काय करालीस?" ती म्हणायची, "अभ्यास करालोय." जेवलीस का? "जेवलो." झोप आता. "झोपालोय." फोन दोन मिनिटांत संपायचा, पण कान भरायचे. सप्टेंबरात एका रात्री विचारलं, काय करालीस, तर पलीकडून आवाज आला, "अभ्यास करतीये."

मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. ह्यांना सांगितलं, "करतीये म्हणाली."

हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "मग करू दे की अभ्यास."

ह्यांचं असंच. उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलंय, जॉबमध्ये केसाएवढा फरक पडला तर बोटानं कळतो, पण बोलण्यातला कळत नाही. पोरीला फोनवर ह्यांचे प्रश्न दोनच: पैसे हायत का, आणि दुसरा, पैसे लागणार हायत का. मी बरेच दिवस मनातून चिडून होते. मग लक्षात आलं की दर रविवारी सकाळी हे तिची स्कूटी अंगणात काढतात, फडक्यानं पुसतात, किक मारून दहा मिनिटं चालू ठेवतात आणि परत झाकून ठेवतात. बॅटरी उतरायला नको म्हणून. गाडी विकून टाकू, असं मी एकदा म्हणून पाहिलं होतं. उत्तर आलं नाही.

पावसाळ्यात तर ह्यांनी तिला वेड लावलं होतं. कोल्हापूरच्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये दोन आकडे पाठ असतात: राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. शिवाय राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले याचा हिशेब. हे रोज संध्याकाळी पोरीला पाण्याची पातळी पाठवायचे. नुसता आकडा. पुढं काही नाही, मागं काही नाही. तिच्या मैत्रिणींना वाटलं बापाला रक्तदाब आहे. आमच्या गल्लीत पाणी येत नाही, पण २०१९ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ लाही तेच, आणि दोन्ही वेळा शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला. रस्ता बंद म्हणजे बंद. तेव्हा पोरगी घरात होती, म्हणून पुराच्या बातम्या आम्ही भजी तळत बघितल्या. आता ती २३० किलोमीटरवर. पाणी चढलं तर ती येऊ शकत नाही आणि आम्ही जाऊ शकत नाही, हे त्या आकड्यात होतं. तिला ते कळलं असावं. रोज उलट एक अंगठा यायचा.

आषाढात त्र्यंबोलीची यात्रा असते. नदीचं नवं पाणी घागरीत घेऊन वाजतगाजत टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीच्याच देवळाला, जायचं, आणि ते वाद्य म्हणजे आमचं पी-ढबाक. त्या आवाजावर इथलं शेंबडं पोरही नाचतं. दरवर्षी आमच्या गल्लीत थोरली पुढं. यंदा सासूबाईंनी हौसेनं व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, फोन वाद्यापुढं धरला. पडद्यावर पोरीचा चेहरा आला, ओठ हलले, आणि कट. मागून निरोप आला: 'लेक्चर चालू आहे.' सासूबाईंनी मला वाचायला लावला. 'आहे' लिहिलंय व्हय, म्हणाल्या, आणि घागर डोक्यावर घेऊन चालू लागल्या. पंच्याहत्तरीच्या बाईनं त्या दिवशी टेंबलाईची चढण कुणाचा हात न धरता चढली. राग होता की भक्ती, अंबाबाईला ठाऊक.

दिवाळीला आली तेव्हा तर कहरच. रंकाळ्यावर मैत्रिणींना भेटायला निघाली आणि दारातून म्हणाली, "मम्मी, मी जाऊन येते गं." धाकटा पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. "ओ पुणेकर, चहा मिळणार का न्हाई?" म्हणून ओरडला. सासूबाई आतून म्हणाल्या, "येते काय गं? सासरला चाललीस व्हय?" सगळे हसलो. तीही हसली, पण जाताना चप्पल जरा आपटली. माझ्या लक्षात राहिलं.

आता धाकट्याचं सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल मला कुणी विचारतच नाही. तो चौदाचा. बहीण घरात होती तोवर तो काय खातो, कुठं जातो, याची मला अंधूक कल्पना असायची. बोलायची ती, भांडायची ती, सगळं घर तिच्या परीक्षांच्या वेळापत्रकावर चालायचं. ती गेल्यावर जेवायला बसलो की शांत. मी आपली बातम्यांकडं बघत, हे ताटाकडं बघत, आणि तो सुसाट जेवून गांधी मैदानाकडं पळालेला. फुटबॉलशिवाय त्याला दुसरं काही दिसत नाही, ते ठीक आहे, पेठेतलं पोर म्हटल्यावर दुसरं काय दिसणार.

डिसेंबरात एका संध्याकाळी गुडघे फोडून आला. मी औषध लावायला बसले तर म्हणाला, भूक लागलीय. स्वयंपाक व्हायचा होता. म्हटलं चल, गंगावेशला दूध पिऊन येऊ. बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडं दूध कट्टा असतो. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या, तुमच्यादेखत धार काढतात आणि तोच पेला हातात देतात. धारोष्ण, अंगच्याच उबेचं, वर बोटभर फेस. त्या म्हशी अशा ऐटीत उभ्या असतात की आपणच त्यांच्या दारात आलोय असं वाटतं, आणि तसं ते खरंच आहे.

पोरानं एक पेला संपवला, दुसरा घेतला. ओठावर फेसाची मिशी. तसाच म्हणाला, "ताई असताना तू मला कधी हितं आणलं नव्हतंस."

मी म्हटलं, आणलं होतं की, लहानपणी. तो म्हणाला, "तवा ताईला आणलं हुतंस. मी मागनं आलो."

मी पैसे देत होते. शंभराची नोट दिली आणि सुटे न घेताच निघाले, दूधवाल्यानं हाक मारून परत बोलावलं. त्या दिवसापासून आमचा आठवड्यातून एकदा नेम आहे. तो बोलतो म्हणजे काय, मॅचच्या गोष्टी सांगतो. ऑफसाइड मला अजून नीट कळत नाही. त्यानं म्हशींच्या जागा दाखवून दोनदा समजावून सांगितलं. पण ह्या वर्षात मला एक आख्खा मुलगा सापडला, आणि तो घरातच होता. तेव्हा कोण बदललं म्हणून विचाराल तर यादी बरीच लांब जाईल.

फेब्रुवारीत पुण्याला गेले. एकटीच. सातारा-कोल्हापूर रस्त्याच्या कामानं कंबरेचा पार भुगा. ती आणखी तीन पोरींबरोबर खोली घेऊन राहते, एक नागपूरची, एक नाशिकची, एक तिथलीच. घर स्वच्छ होतं, म्हणजे मी येणार म्हणून सकाळीच स्वच्छ केलेलं होतं, ओला पोछा अजून दाराआड होता. पोरींनी "काकू, काकू" करून पाणी दिलं. नाशिकची चहा टाकायला उठली. मी म्हटलं, "बस गं, मी करते."

करते.

माझं मलाच ऐकू आलं. आणि एकदा तोंडातून गेल्यावर मग थांबेना. मी बघते, मी आणते, मी निघते हं आता. शब्द असे मोजून, जपून, कुणीतरी लाल शाई घेऊन समोर बसल्यासारखे. थोरली खिडकीपाशी उभी राहून माझ्याकडं बघत होती.

जिना उतरताना म्हणाली, "मम्मी, 'करते' काय?"

मी म्हटलं, "तुझ्या मैत्रिणींपुढं उगीच. हसल्या असत्या."

"त्या कशाला हसतील? त्यांना ठाऊक हाय."

मग सांगितलं तिनं. पहिल्या महिन्यात वर्गात कुणीतरी हसलं होतं. हिनं 'मी आलतो' म्हटलं, तर मागच्या बाकावरून 'आलतो की आलती?' असा आवाज आला. कोण ते तिनं सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. तेव्हापासून बाहेर जपून बोलायला लागली, आणि सवय अशी की दिवसभर जपलेली जीभ रात्री घरच्या फोनवर पण तशीच राहिली. मी मात्र तिकडं सप्टेंबरपासून एका 'करतीये'वर कुढत बसले होते. आणि इकडं मी स्वतः तिच्या खोलीत पाऊल टाकून दहा मिनिटं व्हायच्या आत तेच केलं, कुणी न हसताच. रिक्षा येईपर्यंत आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या होतो. ती म्हणाली, "पण भांडताना न्हाई जमत गं. तवा आपोआप येतं." नागपूरच्या पोरीनं तर आधीच मला सांगून ठेवलं होतं: काकू, ही 'मी चाललो' म्हणाली की आम्ही समजतो, आता गप्प बसायचं.

तेव्हा बदलली का, याचं उत्तर तुम्हीच बघा. मला त्या दिवशी तिच्यापेक्षा माझंच जास्त हसू आलं.

बाकी वर्ष चटणीत मोजता येईल. आमच्याकडं वर्षाची कांदा-लसूण चटणी मार्च-एप्रिलमध्ये करून ठेवतात. माणशी एक किलो मिरची आणि एक किलो पाहुण्यांना, असा सासूबाईंचा हिशेब, म्हणजे पाच माणसांना सहा किलो. यंदा लक्ष्मीपुरीत मिरची घ्यायला गेलो तर दुकानात उभ्या राहून त्यांनी बोटं मोडली आणि म्हणाल्या, "पाचच घे. पोरगी न्हाई." दुकानदार वजन करायला लागला. तीन किलो बेडगी रंगाला, दोन संकेश्वरी तिखटाला. पोतं बांधून होईपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिकडं त्या पोरी काय खात्यात गं?"

आठ किलो घेतली.

देठं काढता काढता दोन दिवस गेले, ऊन दाखवलं, खोबरं, तीळ, धणे भाजले. डंकावर गेलो तर नंबराला अकरा बायका पुढं. डंकाच्या मुसळांचा तो दणका, लाल धुरळा, सगळ्यांच्या नाकाला पदर, आणि त्या पदरातूनच गप्पा. डंकवाल्या वहिनींनी शिंकत शिंकत विचारलंच, "पोरगी बदलली का हो?" मी पदर सोडला नाही, नुसतं मान हलवली. कशीही घ्या.

सासूबाईंनी डबे दोन केले. एक थोरलीचा, नेहमीच्या तिखटाचा. दुसरा खोलीतल्या बाकी पोरींसाठी, त्यात संकेश्वरी नावालाच. हिंगाचा खडा दोन्हीत. कुठला कुणाचा हे कळावं म्हणून एकाच्या झाकणावर कुंकवाचं बोट लावलं. ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन, मागं एकच गलका, भांड्यांचा आवाज, कुणीतरी पाणी-पाणी करत होतं.

"मम्मी, आज्जीला विचार की, कुंकवाचा डबा कुणाचा हुता? मी अंघोळीला गेलतो, तवर ह्यांनी फोडला."