तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉलच्या सामन्याला कुठे बसावे?

फुटबॉलचा सामना प्रथमच मैदानावर जाऊन पाहणारे परिचित मला हमखास विचारतात, की तिकीट नेमके कुठले काढावे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच तयार असते: परवडेल तितके पुढचे, आणि मध्यरेषेच्या जितके जवळ तितके चांगले. मी त्याला दुजोरा द्यावा एवढीच अपेक्षा असते, पण तो मला देता येत नाही. माझ्या मते मैदानाच्या लांब बाजूला, बऱ्यापैकी उंचावर, आणि मध्यरेषेऐवजी पेनल्टी बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या मोठ्या चौकटीच्या, कडेसमोर बसावे.

मोठ्या सामन्यांचे मैदान साधारणतः १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, आणि त्यावरचे बावीसही खेळाडू बहुतेक वेळ चेंडूला स्पर्श न करता जागा अडवण्याचे किंवा मोकळी करण्याचे काम करीत असतात. पहिल्या रांगेतून नेमके हेच काम दिसत नाही. तिथे आपली नजर खेळाडूंच्या उंचीच्या आसपास राहते, त्यामुळे पलीकडच्या टचलाइनवरचा (लांब बाजूच्या रेषेवरचा) विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक, आणि मधल्या फळीतला मिडफिल्डर एकमेकांना खेटून उभे असल्यासारखे वाटतात, आणि त्यांच्यामध्ये वीस मीटर मोकळे आहेत की दोन, हे कळायला मार्ग उरत नाही. सारीपाटाच्या कडेला हनुवटी टेकवून डाव समजून घेण्यासारखाच हा प्रकार आहे. त्यात बदली खेळाडूंचे बाक आणि टचलाइनलगत अंग मोकळे करणारे राखीव खेळाडू मध्ये येतात, आणि छपराची कड पुष्कळदा पहिल्या रांगांपर्यंत पोचत नसल्याने पाऊसही आधी त्यांनाच गाठतो. एक सुख मात्र पुढच्यांचेच: खेळाचा खरा वेग आणि दोन खेळाडू एकमेकांवर आदळल्याचा आवाज वर पोचत नाही.

पंधरा-वीस रांगा वर चढले की बचावफळीतले चौघे एका दोरीने बांधल्यासारखे कसे सरकतात, फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, पुढे धावला की त्याच्या पाठीमागे पडलेली जागा कोण भरतो, हे उलगडू लागते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे फिरत असल्यामुळे घरी बसून यातले फारच थोडे पाहायला मिळते, आणि मैदानावर जाण्याचे माझ्या लेखी हेच मोठे कारण आहे. उंचीलाही अर्थात मर्यादा आहे. मैदानाचा सर्वांत दूरचा कोपरा कुठल्याही आसनापासून १९० मीटरच्या आत, आणि जमल्यास १५० मीटरच्या आत असावा, असा स्टेडियमच्या रचनाकारांचा दंडक आहे. त्या टोकाला बसलेल्याला संघाची रचना स्पष्ट दिसते, पण पाठीवरचे क्रमांक वाचणे कठीण जाते.

आता मध्यरेषा का नको, ते सांगतो. सामन्यातले बहुतेक वाद गोलपोस्टजवळ होतात, आणि पेनल्टी बॉक्सची कड गोलरेषेपासून १६.५ मीटरवर, म्हणजे मध्यरेषेपासून तब्बल ३६ मीटर दूर असते. इतक्या तिरक्या कोनातून ऑफसाइडचा, म्हणजे चेंडू दिला जाताना आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता का याचा, निवाडा करणे म्हणजे निव्वळ अंदाज. सहायक पंच शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहण्यासाठी सतत धावत असतात, ते याच कारणाने. मोठ्या सामन्यांच्या प्रक्षेपणात मध्यरेषेवरच्या मुख्य कॅमेऱ्याशिवाय दोन्ही बॉक्सच्या कडांसमोरही एकेक कॅमेरा बसवलेला असतो. जिथे कॅमेरा ठेवणे प्रक्षेपण करणाऱ्यांना गरजेचे वाटते, तिथे बसण्यात आपला तोटा नाही, आणि ही तिकिटे बहुधा मध्यरेषेवरच्या तिकिटांपेक्षा स्वस्तही असतात. मैदानाची दुसरी बाजू दूर पडते, हे खरे. पण संघ मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे दोघांचीही आक्रमणे अर्धा-अर्धा वेळ आपल्यासमोर येतात.

हा सगळा हिशेब मैदानाभोवती शर्यतींची धावपट्टी नसेल तरच जुळतो. धावपट्टी असली की गोलमागची आसने फार दूर जातात. इटलीतल्या तूरिन शहरात १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेले देल्ले आल्पी हे स्टेडियम यासाठीच बदनाम होते. तिथल्या युव्हेंटस क्लबने ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये धावपट्टी नसलेले नवे स्टेडियम उभारले. अशा धावपट्टीच्या मैदानावर गोलमागचे तिकीट घेऊच नये.

उन्हाचेही थोडे पाहावे. मैदाने शक्यतो उत्तर-दक्षिण आखलेली असतात आणि मानाची आसने बहुधा पश्चिमेकडे, सूर्याला पाठ करून असतात. दुपारच्या सामन्यात पूर्वेकडे बसलेल्याच्या डोळ्यांत मावळतीचे ऊन येते.

गोलमागच्या गॅलरीविषयी मी अजून काही म्हटले नाही, कारण तिथले बसणे हा वेगळाच मामला आहे. तिथे लोक सामना पाहायला कमी आणि त्यात भाग घ्यायला जास्त जातात. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या मैदानावरील दक्षिण गॅलरीत सुमारे २५,००० लोक पूर्ण वेळ उभे असतात. तिथे बसून शांतपणे डावपेच न्याहाळू म्हणणाऱ्याची निराशा होईल, आणि शेजाऱ्यांनाही तो आवडणार नाही. प्रतिस्पर्धी संघाचा शर्ट घालून तिथे जाणे तर सरळसरळ टाळावे. पाहुण्या समर्थकांसाठी स्वतंत्र विभाग राखलेला असतो. तरीही तिथेच जायचे ठरले, तर आपला संघ उत्तरार्धात ज्या गोलवर चढाई करणार असेल त्याच्या मागचे तिकीट काढावे, कारण अटीतटीच्या सामन्यात शेवटची धडपड त्याच टोकाला चालते. इंग्लंडमधला लिव्हरपूलचा संघ आपल्या मैदानावर उत्तरार्धात कॉप या गॅलरीच्या दिशेने खेळणे पसंत करतो, ते याचसाठी. मात्र नाणेफेक जिंकलेल्याला बाजू निवडता येते, आणि एखादा पाहुणा कर्णधार हे ठाऊक असल्यामुळेच मुद्दाम बाजू उलटवून मागतो.