एक आर म्हणजे केवढं? आधी मैदानावर आखा

आपल्याकडे गावात जमीन एकरात बोलतात. सातबाऱ्यावर तीच जमीन हेक्टर-आरमध्ये असते आणि गणिताच्या पुस्तकात चौरस मीटरमध्ये. सहावी ते आठवीच्या पोरांना ही तीन वेगळी गणितं वाटतात. फळ्यावर कोष्टक लिहून पाठ करून घेतलं तर परीक्षेपुरतं टिकतं, पण वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून हे किती आर असेल, याचा अंदाज कोणालाच येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की क्षेत्रफळाचा पाठ मैदानापासून सुरू व्हावा. जानेवारी-फेब्रुवारीतली सकाळची पहिली तासिका त्याला उत्तम, कारण पुढे ऊन मैदानात उभं राहू देत नाही.

सामान फार लागत नाही. चार खुंट्या, दोन-तीन किलो फक्की (चुन्याची भुकटी), एक मोजपट्टी आणि बारा-साडेबारा मीटर दोरी. दोरीवर मीटर-मीटरला गाठी मारायचा मोह होतो, तो टाळा. प्रत्येक गाठ दोरीचे काही सेंटिमीटर खाते आणि दहाव्या गाठीपर्यंत माप चांगलंच चुकतं. त्याऐवजी रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. नायलॉनची दोरी ओढली की लांबते, सुती दोरी दवाने भिजली की आखडते. कोणतीही घ्या, पण दर वेळी सारख्याच जोराने ताणा आणि काम संपल्यावर मोजपट्टीशी पुन्हा ताडून पाहा. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे पोरं खुणा मोजतात, अंतरं मोजत नाहीत. 10 मीटरला खुणा 11 लागतात, कारण पहिली खूण शून्याची असते.

सहा जणांचा एक गट करा. दोघं दोरी ताणतील, एक कोपऱ्यावर बसेल, एक फक्की टाकेल, एक लिहील आणि एक तपासेल. काम आहे 10 मीटर बाजूचा चौरस आखणं, म्हणजेच एक आर, 100 चौरस मीटर.

इथे बहुतेक गट फसतात, आणि ते फसू द्यावेत. चारही बाजू 10 मीटर भरल्या की पोरं म्हणतात, ‘झाला चौरस.’ मग दोन्ही कर्ण मोजायला लावा. चौरस खरा असेल तर प्रत्येक कर्ण 14 मीटर 14 सेंटिमीटर येतो. एक कोपरा फक्त 5 अंशांनी कलला तरी एक कर्ण 14.75 आणि दुसरा 13.51 होतो. नुसत्या बाजू सारख्या असून भागत नाही, हे तिथेच पायाखाली दिसतं. कोन 60 अंशांपर्यंत दाबला तर बाजू त्याच राहतात, पण क्षेत्र 86.6 चौरस मीटरवर येतं. कोपरा काटकोनात आणायला सातवीतला पायथागोरस कामी येतो. दोरीची 12 मीटरची खूण शून्याच्या खुणेवर आणून कोपऱ्यावर धरा, 3 आणि 8 मीटरच्या खुणा दोघांनी धरून ताणा, कोपऱ्यातला कोन काटकोन होतो.

चौरस बसला की त्याच्या एका कोपऱ्यापासून 33 फूट बाजूचा दुसरा चौरस आखा. हा गुंठा. 33 फूट म्हणजे 10.06 मीटर, त्यामुळे दोन बाजूंना जेमतेम चार बोटांची पट्टी बाहेर उरते. आर आणि गुंठा जवळजवळ एकच, हे पोरं मग आयुष्यभर विसरत नाहीत. असे 40 गुंठे म्हणजे एकर, 43,560 चौरस फूट. 100 आर म्हणजे हेक्टर, सुमारे 2.47 एकर. पऱ्हाटी (कपाशी) 4 बाय 2 फुटांवर लावली तर एका झाडाला 8 चौरस फूट, म्हणजे गुंठ्यात साधारण 136 आणि एकरात 5,445 झाडं. हा भागाकार पोरं आपणहून करतात.

आता खरा प्रश्न. वावर चौकोनी असतं, पण चौरस क्वचितच. गावात एक रीत सर्रास दिसते. समोरासमोरच्या धुऱ्यांची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्या गुणायच्या. कोपरे चारही काटकोनात नसतील तर हे उत्तर नेहमी जास्तच येतं. आठवीच्या वर्गासाठी मैदानावर असा चौकोन आखा: बाजू क्रमाने 8, 6, 10 आणि 12 मीटर. 8 आणि 6 यांच्यामधला कोपरा काटकोनात ठेवा, म्हणजे समोरचा कर्ण बरोबर 10 मीटर येईल. सरासरीच्या रीतीने 9 गुणिले 9, म्हणजे 81. कर्णाने दोन त्रिकोण पाडून, तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं हिरोचं सूत्र लावलं तर 24 अधिक 48, म्हणजे 72. वर्गमुळं पूर्ण सुटावीत म्हणूनच हे आकडे घेतले आहेत, नाहीतर पोरं वर्गमुळातच अडकतात. 12 आणि 6 या बाजू समांतर आहेत, म्हणून समलंबाच्या सूत्रानेही 72च येतात. खऱ्या 8 एकरांवर या हिशेबाने एक एकर हवेतला चढतो. हा फरक पोरांना चुन्याच्या रेषांवर उभं राहून मोजू द्या.

वर्गात परतल्यावर सातबाऱ्याची नोंद वाचायला घ्या. 1.21.00 म्हणजे 1 हेक्टर 21 आर, जवळपास 3 एकर. पण कोणाच्या घरचा उतारा आणायला सांगू नका आणि कोणाचं किती वावर, हे विचारू नका. वर्गात अनेकांचे आईवडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात. आकडे फळ्यावर आपणच लिहावेत. त्यात एक हमखास द्यावा: 1 हेक्टर 6 आर. निम्मा वर्ग 1.6 लिहितो. ते झाले 1 हेक्टर 60 आर, म्हणजे 54 आर जास्त. लगेच विचारा, मैदानावर आखला तसे किती चौरस जास्त आले? शून्य कुठे लिहायचं, ते पोरं मग स्वतःच सांगतात.