‘वुड’च्या मागचा साहेब

मार्चमधल्या एका शुक्रवारी आमच्या ट्रेनीने क्लायंटला पाठवायचा मेल लिहून माझ्याकडे तपासायला दिला. मी तो वाचला, एक स्वल्पविराम हलवला आणि पाठवून टाकला. मेलमधलं मुख्य वाक्य होतं, ‘द सर्व्हर वुड बी डाऊन ऑन सॅटर्डे फ्रॉम एट टू ट्वेल्व्ह, यूके टाइम.’ शनिवारी ठरल्या वेळी सर्व्हर बंद झाला, काम झालं, बरोबर बाराला पुन्हा सुरू झाला. आम्ही आपले खूश.

सोमवारी लीड्सहून उत्तर आलं. त्यांची गोडाऊनची सकाळची पाळी चार तास हात बांधून बसली होती. कुणालाच कसं माहीत नव्हतं, असा आमचा प्रश्न. त्यावर तिथल्या गृहस्थांनी अगदी सभ्यपणे विचारलं होतं, ‘वुड बी डाऊन, इफ व्हॉट?’ म्हणजे, बंद राहिला असता हे कळलं, पण काय झालं असतं तर? त्यांना वाटलं, आम्ही नुसता प्रस्ताव मांडलाय. त्यांनी होकार दिल्यावर पुढचं ठरेल.

मी १७ वर्षं यंत्रांची मॅन्युअल लिहिते. मॅन्युअलमधून हा ‘वुड’ मी केव्हाच हाकलला होता. ‘द पंप वुड स्टार्ट’ असं लिहिलं तर ऑपरेटर बटणावर बोट ठेवून विचार करत बसेल. तांत्रिक दस्तऐवजात कुठल्या शब्दाचा जोर किती, हे ठरवून देणारं इंटरनेटवाल्यांचं एक छोटंसं टिपण आहे, १९९७ सालचं, आरएफसी २११९ नावाचं. त्यात मस्ट आहे, शॅल आहे, शुड आहे, मे आहे. वुड नाही. हे सगळं मी नवीन पोरांना दरवर्षी शिकवते. त्या संध्याकाळी मात्र स्वतःच्या सेंट फोल्डरमध्ये ‘वुड बी’ शोधलं आणि स्क्रीन वर सरकवता सरकवता बोट दुखलं. ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमारो.’ ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ॲट थ्री.’ ‘लंच वुड बी सर्व्ड.’ जेवण वाढलं गेलं असतं! कुणी अडवलं होतं?

याचं मूळ शाळेत आहे असं मला आधी वाटलं. सांगली जिल्ह्यातली आमची मराठी शाळा. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. आम्ही त्याच्या आधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. सरांनी फळ्यावर जोड्या लिहून दिल्या होत्या: विल–वुड, शॅल–शुड, कॅन–कुड, मे–माइट. पहिला वर्तमानातला, दुसरा भूतकाळातला, आणि ‘कुणाला विनंती करायची असेल तर दुसरा वापरा, बरं दिसतं.’ बाकीचं विसरलं, ‘बरं दिसतं’ तेवढं लक्षात राहिलं. विल म्हणजे हडसून खडसून बोलणं आणि वुड म्हणजे पदर सावरून बोलणं, असं डोक्यात पक्कं बसलं.

पण दोष सरांच्या माथी मारण्यात अर्थ नाही, कारण आपली भाषाही हेच करते. वाण्याच्या दुकानात जाऊन आपण म्हणतो, ‘काका, अर्धा किलो रवा हवा होता.’ काका कधी विचारत नाहीत, ‘हवा होता? मग आता नको का?’ ‘तुमच्याशी जरा बोलायचं होतं,’ ‘एक काम होतं.’ काम आत्ता आहे, पण ते एक पाऊल मागे, भूतकाळात नेऊन ठेवायचं, म्हणजे समोरच्याच्या अंगावर गेल्यासारखं होत नाही. इंग्रजी ‘आय वुड लाइक टू’ ही तशीच मागे सरकवलेली इच्छा. आणि विल हा शब्द मुळात इच्छेचाच. मृत्युपत्राला विल म्हणतात ते काही उगाच नाही. (जाता जाता: वुडमधला न उच्चारला जाणारा एल एकेकाळी खरोखर उच्चारत असत. कुडमधला एल मात्र पूर्ण बनावट. शेजारी वुड आणि शुड उभे होते, त्यांच्याकडे बघून घुसडलेला. सरांनी तेव्हा हे सांगितलं असतं तर स्पेलिंगसाठी खाल्लेल्या छड्या जरा सुसह्य झाल्या असत्या.)

हा मऊपणा चालतो तो मागण्याच्या वाक्यात. बातमी सांगताना तो उलटतो, आणि मराठीतसुद्धा उलटतो. ‘शनिवारी सर्व्हर बंद राहणार होता’ असं मी तुम्हाला म्हटलं तर तुम्ही विचाराल, मग काय झालं? रद्द झालं का? लीड्सच्या गृहस्थांनी एवढंच विचारलं होतं. शाळेत आपण चार ‘अर्थ’ घोकले होते ना, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ? पाऊस पडला असता तर पीक आलं असतं, हा संकेतार्थ. वुड पुष्कळदा त्याच घरचा. त्याला एक ‘जर’ लागतो, आणि तो लिहिलेला नसला की वाचणारा शोधत बसतो. ‘आजी ओट्यावर बसायची’ यातल्या ‘बसायची’लाही इंग्रजीत तोच वुड लागतो, पण तिथे आजीची आठवण चाललीय हे आधीच कळलेलं असतं, म्हणून घोटाळा होत नाही.

हे सगळं मी ट्रेनीला समजावलं. वही घेऊन बसली होती, मान डोलावत होती. शेवटी म्हणाली, ‘मॅम, सर्व्हरचं पटलं. पण रजेच्या मेलमध्ये विल कसं लिहायचं? आय विल बी ऑन लीव्ह म्हणजे मी सरांना सांगतेय. विचारत नाहीये.’

‘रजा मंजूर झालीय ना?’

‘झालीय. तरी पण.’

या ‘तरी पण’पुढे माझं व्याकरण आडवं झालं. आमचे अण्णा जिल्हा परिषदेत कारकून होते. त्यांच्या अर्जाचं शेवटचं वाक्य कायम ‘तरी माझी रजा मंजूर व्हावी, ही विनंती’ असायचं. कार्यालयात इंग्रजीची हौस असलेले एक साहेब आले, तेव्हा अण्णांनी तेच वाक्य ‘लीव्ह मे काइंडली बी ग्रँटेड’ असं बसवलं. ‘व्हावी’ला ‘मे बी’, आणि हात जोडायला मध्ये ‘काइंडली’. पोरीचा वुड त्याच अर्जातून आलाय. त्याला ‘जर’ नाही असं मी तिला तासभर सांगत होते, पण त्याला जर आहे: साहेबांची हरकत नसेल तर. तो लिहायचा नसतो, कारण ऑफिसात सगळ्यांना माहीत असतो. लीड्समध्ये तो कुणालाच माहीत नव्हता, आणि त्यांच्या सर्व्हरला आमचा साहेब नव्हता.

मग आम्ही तोडगा काढला. तारीख, वेळ, बंद, चालू असं काही असेल तिथे विल, डोळे मिटून. रजेच्या मेलमध्ये ‘ॲज अप्रूव्ह्ड’ लिहायचं आणि पुढे विल. साहेबांचा मान पहिल्या दोन शब्दांत उरकतो. तिला ते आवडलं. पुढच्या आठवड्यात तिचा मेल आला: ‘ॲज अप्रूव्ह्ड, आय वुड बी ऑन लीव्ह.’ मी काही बोलले नाही.

परवा बुधवारी आमच्या सोसायटीच्या लिफ्टपाशी चेअरमनसाहेबांच्या सहीची नोटीस लागली होती. ‘वॉटर सप्लाय वुड बी क्लोज्ड ऑन थर्सडे.’ पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात ते बहुधा गुरुवारीच, त्यामुळे गुरुवार आणि पाणी म्हटलं की कुणी व्याकरण बघत नाही. मी मात्र पर्समधून पेन काढलं, वुडवर काट मारली, वर विल लिहिलं. वर जाऊन दोन बादल्या, कुकर आणि आंब्याच्या रसाचं मोठं पातेलं भरून ठेवलं.

गुरुवारी पाणी दिवसभर चालू होतं.