तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या रणगाड्यांत खरा लेझर का नाही?

घरी कोणी आलं आणि पोरांचे रिमोटवाले रणगाडे बघितले की पहिला प्रश्न हाच, "लेझरची लढाई म्हणतोस, मग लाल ठिपका कुठाय?" नाहीये. होता, मीच काढला.

पहिल्या खेपेला पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन ती छोटी लाल लेझर मॉड्यूलं आणली होती, ६५० नॅनोमीटरवाली, आणि समोरच्या गाडीवर एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रेझिस्टन्स कमी होतो तो सेन्सर. दिसायला एकदम भारी. पण एलडीआर केवढासा, हरभऱ्याएवढा, धावत्या गाडीतून त्यावर नेम लागणार कसा, आणि खिडकीचा पडदा जरा सरकला की गाडी आपोआप शहीद. तेही चालवून घेतलं असतं. पण पोरं खेळताना जमिनीवर पालथी पडतात ना, गाडीच्या लेव्हलला डोळे नेऊन. भाचीनं हनुवटी फरशीला टेकवली आणि तो ठिपका तिच्या गालावरून वर सरकायला लागला, मी झडप घालून गाडीच उचलली. मॉड्यूलवर ताकद ५ मिलीवॅट लिहिलेली, पण स्वस्तातल्या मालावर छापलेलं किती खरं धरायचं?

तर आता आत टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड सोडणारा एलईडी आहे, आणि गोळी झेलायला टीसॉप १७३८, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर. बाहेर मॉलमध्ये पैसे देऊन जो लेझर टॅग खेळतात तोही बहुतेक इन्फ्रारेडवरच चालतो, नाव फक्त लेझर. टीसॉप ३८ किलोहर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा उजेडच ऐकतो, ट्यूबलाइट-बल्बला सहसा दाद देत नाही. मी आधी शहाणपणा करून बटण दाबलं की सलग ३८ किलोहर्ट्झ सोडत होतो, आणि टीसॉप पहिल्या क्षणानंतर ढिम्म! दोन रात्री वायरी तपासल्या. मग कळलं की सलग सिग्नलला तो गोंगाट समजून कान बंद करतो, त्याला तुकड्या-तुकड्यांनी बोलावं लागतं.

इन्फ्रारेड भिंतीवरून उलटून येतो हे पण खेळतानाच कळलं, गाडी स्वतःच्याच गोळीनं मरायची. म्हणून एलईडीवर बॉलपेनच्या नळीचा तुकडा, बाहेरून काळी चिकटपट्टी, ही झाली तोफ. टीसॉप श्रीखंडाच्या पांढऱ्या डब्यात उलटा बसवला, ते प्लॅस्टिक उजेड आत पसरवतं त्यामुळे गोळी कुठल्याही बाजूनं आली तरी लागते (डबे रिकामे करायला कोणाची हरकत नव्हती). बाकी चाकांना पिवळ्या बीओ मोटर (खेळण्यांतल्या गिअरवाल्या छोट्या मोटर), त्यांच्या टोकांवर १०४ छापलेले छोटे कपॅसिटर, नाहीतर मोटरच्या गडबडीत आर्डुइनो, म्हणजे गाडीचा मेंदू असलेला छोटा बोर्ड, मध्येच रीसेट होतो. तीन गोळ्या लागल्या की चाकं बंद. गच्चीवर मात्र ऊन उतरल्याशिवाय खेळ नाही, भर उन्हात टीसॉप आंधळाच.

एकदा लढाई रंगात आली असताना आईनं सीरियलसाठी चॅनल बदललं आणि दोन्ही रणगाडे जागच्या जागी गार. टीव्हीचा रिमोटही तीच भाषा बोलतो आणि मी आलेला कोड तपासतच नव्हतो! मग प्रत्येक गाडीला स्वतःचा नंबर दिला, दुसऱ्या गाडीचा नंबर आला तरच गोळी धरायची. फक्त म्यूटच्या बटणाचा कोड मुद्दाम ठेवलाय, तो आला की सगळ्या गाड्या थांबतात. पानं वाढली की आई तेवढंच दाबते.