नागफणीवर थ्री-टू-वन: एकच पुली असेल तर ती कुठे लावायची?

यंदाच्या हिवाळ्यात लोणावळ्याजवळच्या नागफणी कड्यावर गेलो ते रॅपलिंगला नाही, कड्यात अडकलेल्या माणसाला वर ओढून घेण्याच्या सरावाला. माथ्यावरच्या महादेवाच्या देवळापासून थोडं खाली, दरीपासून लांब, एक छोटा कातळटप्पा निवडला. एका सहकाऱ्याला हार्नेसमध्ये लटकवलं, वेगळ्या दोरावर त्याचा बिले (पडू नये म्हणूनचा आधार) ठेवला आणि थ्री-टू-वन ही ओढण्याची रचना लावली: माणसाकडून आलेला दोर अँकरवर, म्हणजे वरच्या पक्क्या आधारावर, वळवून खाली आणायचा आणि त्याच दोरावर प्रुसिकने (वजन आलं की दोर घट्ट धरणारी बारीक दोरीची गाठ) जोडलेल्या दुसऱ्या, सरकत्या वळणातून परत वर ओढायचा.

कागदावर हिशेब सोपा आहे. 3 मीटर दोर ओढला की माणूस 1 मीटर वर येतो, म्हणजे 80 किलोसाठी 27 किलोचा जोर पुरायला हवा. प्रत्यक्षात पुरत नाही. कॅराबिनरवरून (दोर अडकवायच्या धातूच्या कडीवरून) वळताना दोरातला निम्म्याच्या आसपास ताण घर्षणात जातो, चांगल्या पुलीवर दहावा हिस्सा. दोन्ही वळणांवर नुसते कॅराबिनर असतील तर 46 किलोच्या आसपास जोर लागतो, दोन्हीकडे पुली असेल तर 30.

आमचा बराच वेळ गेला तो एकाच पुलीवर, कारण ट्रेकच्या सॅकमध्ये बहुधा एकच असते. ती अँकरवर लावली तर 41 किलो, दोरावरच्या प्रुसिकला जोडलेल्या सरकत्या वळणावर लावली तर 34! हातातला दोर आधी या सरकत्या वळणावर वळतो. तिथे गेलेला ताण पुढे अँकरपर्यंत पोचतच नाही. जागा बदलून दोन्ही प्रकारे ओढून बघाच, खांद्यांना फरक लगेच कळतो.

या आकड्यांत कड्याची धार धरलेली नाही, आणि आपल्या बेसाल्टची धार दोर खाते. जाड गोणपाट दुमडून धारेवर घाला आणि ते स्वतंत्र बांधा, नाहीतर ओढताना सरकतं. 11 मिमी दोरावर 6 मिमीची प्रुसिक, तीन वेढ्यांची, नीट धरते. अँकरजवळच्या प्रुसिकवर एक माणूस कायम ठेवा. ओढणारे दम घेताना सगळं वजन तिच्यावर असतं. ओढणं अचानक जड झालं तर माणसं वाढवू नका, नाइन-टू-वन ही आणखी जोर देणारी रचनाही लावू नका. थांबा, खाली बघा. पाय किंवा हेल्मेट कपारीखाली अडकलेलं असू शकतं.

हे आधी जमिनीवर, जाणकार प्रशिक्षकासोबत शिका. वाट लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातून आहे, पाणी तिथूनच भरून घ्या. कड्यात आग्यामोहळं असतात, त्यामुळे धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. ‘ओढा’, ‘थांबा’ हे इशारे शिट्टीवर ठरवले तर वाऱ्यातही ऐकू जातात.